बधिरता उतरताना : पायाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना आणि नर्व्ह ब्लॉक

१६ ऑगस्ट १८९८ रोजी जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बियर यांनी पाठीच्या मणक्यांमधून कोकेन टोचून शस्त्रक्रिया केली. कमरेखालच्या भुलीचा इतिहास तिथून सुरू होतो, हे भूलशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. ती शस्त्रक्रिया कशाची होती, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहते. ती घोट्याची होती. रुग्ण ३४ वर्षांचा मजूर होता आणि त्याच्या डाव्या घोट्याच्या सांध्याला क्षयाची बाधा झाली होती. आधीच्या शस्त्रक्रियांमध्ये पूर्ण भुलीचा त्याला इतका त्रास झाला होता की पुन्हा ती भूल घ्यायची त्याने धास्तीच घेतली होती. बियर यांनी १५ मिलिग्रॅम कोकेन दिले आणि सांध्याचे रोगट हाड कापून काढले. तो जागा होता आणि त्याला दुखले नाही. पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात बियर यांनी आणखी एक नोंद प्रामाणिकपणे केली आहे : शस्त्रक्रियेनंतर दोन तासांनी त्याची पाठ आणि डावा पाय दुखू लागला, उलटी झाली आणि डोके भयंकर दुखू लागले.

यातली पहिली नोंद पाठ्यपुस्तकांत गेली. हे पुस्तक दुसऱ्या नोंदीबद्दल आहे.

पाऊल आणि घोटा यांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना, आणि त्या आटोक्यात ठेवण्यासाठी पायाकडे येणाऱ्या मज्जातंतूंभोवती औषध सोडून केलेला नर्व्ह ब्लॉक, असा या शाखेचा विषय. या शाखेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे मी मनापासून स्वागत करतो. भूलशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, अस्थिशल्यविशारद, तालुक्याच्या गावी एकट्याने काम करणारे भूलतज्ज्ञ, वॉर्डातल्या सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, सगळ्यांचेच. ही शाखा लहान आहे, पण तिच्यात शरीररचना आहे, औषधशास्त्र आहे, हाताचे कसब आहे, आणि रुग्ण घरी गेल्यावर त्याचे काय होते याची काळजीही आहे. या चारांपैकी शेवटची गोष्ट पुष्कळदा राहून जाते. माझ्या मते तीच पहिली असायला हवी.

पायाची शस्त्रक्रिया इतकी का दुखते? पावलात छोटी छोटी २६ हाडे, त्यांना बांधून ठेवणारे पक्के बंध आणि त्यावर जेमतेम मांस. हाड कापले, स्क्रू बसवला, की सूज येते आणि त्या सुजेला पसरायला जागा नसते. पाय खाली सोडला की रक्त उतरते आणि ठणका वाढतो. हाडावरचे आवरण वेदनेच्या तंतूंनी भरलेले असते आणि इथे तेच सोलावे लागते. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येऊन अंगठा शेजारच्या बोटाकडे वळतो, त्या बनियनची शस्त्रक्रिया तर वेदनाशामकांच्या चाचण्यांसाठी जगभर वापरली जाते, कारण तिच्यानंतर होणारी वेदना भरवशाची असते. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्यता मिळालेले सुझेट्रिजिन हे अफूवर्गाबाहेरचे औषध ज्या दोन शस्त्रक्रियांवर तपासले गेले, त्यांतली एक बनियनची होती आणि दुसरी पोटाची चरबी काढण्याची. वेदनेच्या तंतूंत प्रामुख्याने आढळणारी एक सोडियम वाहिनी ते औषध बंद करते. निष्क्रिय गोळीपेक्षा ते सरस ठरले, पण हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉलच्या जोडगोळीला त्याला मागे टाकता आले नाही. म्हणजे पायाचे दुखणे आजही औषधांची कठीण परीक्षा घेते.

सोडियम वाहिनी बंद करण्याचे हेच काम सुईने सोडलेले औषध अधिक उघडपणे करते. लिग्नोकेन किंवा बुपिव्हाकेनचे रेणू विद्युतभार नसलेल्या रूपात तंतूच्या आवरणातून आत शिरतात, आत गेल्यावर भार घेतात आणि सोडियमची वाहिनी आतल्या बाजूने अडवतात. सोडियम आत आले नाही की संदेश पुढे सरकत नाही. पू झालेल्या, आम्लता वाढलेल्या भागात औषध का चालत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. तिथे बहुतेक रेणू आधीच भारित होतात आणि आवरण ओलांडू शकत नाहीत. म्हणून सडलेल्या बोटाशेजारी पुन्हा पुन्हा टोचत बसण्यापेक्षा वर, निरोगी भागात, मज्जातंतू गाठणे हा शहाणपणाचा मार्ग. ब्लॉक या कल्पनेचे अर्धे समर्थन या एका रासायनिक कारणात आहे.

आता रचनेकडे येऊ. पावलाला पाच मज्जातंतू संवेदना पुरवतात. एखाद्या गावाच्या वेशीत पाच रस्ते शिरावेत, त्यांतले चार एकाच महामार्गातून फुटलेले असावेत आणि पाचवा भलत्याच दिशेने आलेला असावा, तशी ही मांडणी आहे. महामार्ग म्हणजे सायॅटिक, शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू. मांडीच्या मागून खाली येत गुडघ्याच्या मागच्या खळग्याच्या थोडे वर तो दुभंगतो. टिबिअल आतल्या घोट्यामागून तळव्यात आणि टाचेत जातो. दुसरा फाटा, कॉमन पेरोनिअल, पुढे पुन्हा दोन होतो : सुपरफिशिअल पेरोनिअल पावलाच्या वरच्या बाजूची बहुतेक त्वचा सांभाळतो आणि डीप पेरोनिअल अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मधल्या बेचक्यापुरताच त्वचेवर दिसतो, पण खोलवर सांध्यांनाही तंतू देतो. चौथा, सुरल, टिबिअल आणि पेरोनिअल या दोघांच्या फांद्या मिळून बनतो आणि करंगळीच्या कडेने जातो. पाचवा सॅफेनस. तो मांडीच्या पुढच्या बाजूच्या फिमोरल मज्जातंतूची शाखा आहे, घोट्याच्या आतल्या बाजूला उतरतो, आणि कित्येकांच्यात त्याचे तंतू पावलाच्या आतल्या कडेने बरेच पुढेपर्यंत पोहोचतात.

हा पाचवा मज्जातंतू मी नवख्यांना सर्वांत आधी शिकायला सांगतो. गुडघ्यामागे उत्तम ब्लॉक झाला, तळवा बधीर, बोटे हलत नाहीत, सगळे समाधानी, आणि रुग्ण मात्र घोट्याच्या आतल्या बाजूला बोट दाखवून ‘इथे चिरल्यासारखे होतेय’ म्हणतो. घोट्याच्या फ्रॅक्चरमध्ये अनेकदा आतल्या हाडावरही छेद असतो, आणि तो प्रदेश सॅफेनसचा आहे. मांडीतल्या ॲडक्टर कॅनॉलमध्ये किंवा गुडघ्याखाली त्याला वेगळे औषध द्यावेच लागते. ‘ब्लॉक फेल गेला’ असा शेरा मारण्याआधी कुठे दुखते ते बोटाने दाखवायला सांगावे. बहुतेक वेळा ते बोटच कोणता मज्जातंतू सुटला ते सांगून जाते.

मग ब्लॉक कुठे द्यायचा? घोट्यापाशी की गुडघ्यामागे? अंगठ्याची, बोटांची, चवड्याची शस्त्रक्रिया असेल तर घोट्यापाशी पाचही मज्जातंतू गाठणे पुरते. तिथे औषध थोडे लागते आणि पोटरीचे स्नायू चालू राहतात. पाऊल वर-खाली करता येते, त्यामुळे योग्य बूट आणि आधार असेल तर रुग्ण त्याच दिवशी उभा राहू शकतो. बनियनच्या शस्त्रक्रियेसाठी ‘प्रॉस्पेक्ट’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०२० साली ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या त्यांत पॅरासिटामॉल, सूजविरोधी गोळ्या आणि स्टेरॉइड यांच्याबरोबर घोट्याचा ब्लॉकच सुचवला आहे. अफूवर्गातली औषधे त्यांनी हाताशी ठेवायची म्हणून ठेवली आहेत. पण घोट्याचे फ्रॅक्चर, टाचेच्या हाडाची जोडणी, सांधा गोठवण्याची शस्त्रक्रिया, ॲकिलिस टेंडनची दुरुस्ती यांना घोट्याचा ब्लॉक पुरत नाही. तिथे गुडघ्यामागे सायॅटिक आणि जोडीला सॅफेनस हवा. त्याची किंमत म्हणजे काही तास लोंबकळणारे पाऊल. शिवाय मांडीला टूर्निकेट बांधले असेल तर त्याचे दुखणे यांपैकी कोणताच ब्लॉक झाकत नाही. शस्त्रक्रियेपुरती स्पायनल किंवा पूर्ण भूल आणि नंतरच्या वेदनेसाठी ब्लॉक, अशी जोडी म्हणूनच रुजली.

साधनांविषयी फार लिहीत नाही, पुढची प्रकरणे त्यांनीच भरली आहेत. मज्जातंतू शोधण्यासाठी आधी हाडांच्या खुणा आणि धमनीची नाडी यांवर भिस्त होती, मग विजेच्या सौम्य झटक्याने स्नायू उडवून जागा पक्की करणारे स्टिम्युलेटर आले, आणि १९९४ साली व्हिएन्नात कापराल आणि सहकाऱ्यांनी खांद्यावरच्या ब्लॉकसाठी सोनोग्राफीचा पडदा वापरून दाखवल्यावर सुई आणि मज्जातंतू दोन्ही डोळ्यांना दिसू लागले. सोनोग्राफीमुळे कमी औषधात काम होते, सुई मज्जातंतूत किंवा रक्तवाहिनीत गेली नाही ना ते पाहता येते, आणि सायॅटिकच्या दोन फाट्यांभोवतीचे एकत्र आवरण शोधून औषध नेमके त्या आवरणात सोडता येते, ज्यामुळे बधिरता लवकर बसते. तरीही यंत्र नसलेल्या रुग्णालयात काम करणाऱ्याने खचू नये. आतल्या घोट्यामागे नाडी बोटाला लागली की टिबिअल तिच्या लगत मागे आहे, पावलावरची नाडी सापडली की डीप पेरोनिअल तिच्या शेजारी आहे, आणि उरलेले तिघे त्वचेखाली वळसा घालून औषध पसरवले की मिळतात. हा ब्लॉक बोटांच्या भरवशावर दशकानुदशके दिला गेला आहे. गॅस्टन लाबा यांनी १९२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने अशा खुणांवरच्या ब्लॉकची एक पिढीच घडवली.

औषधाच्या मात्रेविषयी मात्र सावकाश लिहायला हवे, कारण इथे माणसे मेली आहेत. कोकेनपासूनच ही गोष्ट सुरू होते. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळा बधीर करून दाखवला, आणि लगोलग न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूंभोवती कोकेन टोचायला सुरुवात केली. प्रयोग त्यांनी स्वतःवरही केले. हॉल्स्टेड पुढे आधुनिक शल्यशास्त्राचे एक आधारस्तंभ झाले, पण त्या प्रयोगांतून जडलेल्या व्यसनाने त्यांचा पाठलाग सोडला नाही. प्रोकेन आले, १९४३ साली स्वीडनमध्ये नील्स लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन बनवले, १९५७ साली बुपिव्हाकेन तयार झाले आणि तासन्‌तास टिकणारी बधिरता हाती आली. १९७९ साली जॉर्ज अल्ब्राइट यांनी एका संपादकीयातून इशारा दिला की बुपिव्हाकेन चुकून रक्तात गेले तर हृदय बंद पडते आणि पुन्हा सुरू करणे अतिशय अवघड जाते. १९९८ साली गाय वाइनबर्ग यांच्या गटाने उंदरांवर दाखवले की शिरेतून दिलेले स्निग्ध द्रव हे विष ओढून घेते. आज जिथे ब्लॉक दिला जातो तिथे २० टक्के लिपिड इमल्शनची बाटली हाताशी असलीच पाहिजे, आणि ती कुठे ठेवली आहे हे वॉर्डातल्या सिस्टरनाही ठाऊक हवे. रुग्णाच्या तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, विचित्र चव, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही सुरू झाले तर सुई थांबते, तिथे वाद नसतो.

मात्रेचा हिशेब इथल्या रुग्णाच्या वजनावर करावा, पुस्तकातल्या परदेशी वजनावर नव्हे. बुपिव्हाकेनसाठी साधारण किलोमागे २ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली, तर ४५ किलोच्या बाईला ९० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का औषध १८ मिलिलीटर. गुडघ्यामागे २० आणि सॅफेनसला १० असे पाठ केलेले आकडे तिला लावले की मर्यादा कधीच ओलांडलेली असते. औषध पातळ करावे. पाव टक्क्याने हे सगळे शक्य आहे. नंतरच्या वेदनेसाठी स्नायू पूर्ण लुळे करण्याची गरजही नाही.

आता मुख्य गोष्ट. सकाळी ११ वाजता दिलेला गुडघ्यामागचा ब्लॉक पहाटे केव्हातरी उतरतो. बुपिव्हाकेनचा परिणाम १२ ते २४ तास टिकतो आणि तो उतरण्याचा काळ बहुतेकांच्या बाबतीत रात्रीतच पडतो. रिकव्हरीत रुग्ण हसत असतो, राउंडला शल्यविशारद खूश असतात, नोंदवहीत वेदनेचा आकडा शून्य असतो. रात्री तीन वाजता तोच रुग्ण पलंगाची कड धरून बसतो. वॉर्डात एकच सिस्टर असते आणि गोळ्या लिहिलेल्या असतात त्या ‘दुखल्यास’ द्यायच्या. घरी पाठवला असेल तर दवाखाना बंद असतो. शून्यातून एकदम वर चढणाऱ्या या वेदनेला ‘रिबाउंड पेन’ म्हणतात. ब्लॉक नसता तर वेदना हळूहळू वाढत जाऊन माणूस तिला सरावला असता, आणि औषधेही वेळोवेळी सुरू झाली असती. ब्लॉकने ती झाकून ठेवली आणि मग एका झटक्यात उघडी केली. मज्जातंतू उठताना स्वतःच काही काळ अधिक संवेदनशील होतो की फक्त आधीची वेदना उघडी पडते, यावर तज्ज्ञांचा वाद चालू आहे. हाडावरच्या शस्त्रक्रिया आणि तरुण रुग्ण यांच्यात हा त्रास जास्त दिसतो, एवढे नक्की.

यावर उपाय आहेत, आणि ते महाग नाहीत. गोळ्या ब्लॉक चालू असतानाच सुरू कराव्यात. पॅरासिटामॉल आणि, मूत्रपिंड आणि पोट परवानगी देत असतील तर, सूजविरोधी गोळी ठरलेल्या वेळी, दुखो वा न दुखो. रात्रीची मात्रा चुकवू नये, गजर लावून द्यावी. मुंग्या येऊ लागणे ही इशाऱ्याची वेळ आहे हे रुग्णाला शस्त्रक्रियेआधीच सांगावे : मुंग्या आल्या की गोळी, ठणका येण्याची वाट पाहायची नाही. पाय छातीच्या वर उंच ठेवावा. डेक्सामेथासोनची एक मात्रा बधिरता काही तासांनी लांबवते आणि उतरणे सौम्य करते, मधुमेह्यांत मात्र साखरेवर लक्ष ठेवावे लागते. दोन-तीन दिवस दुखणार हे आधीच ठाऊक असलेल्या मोठ्या शस्त्रक्रियांत मज्जातंतूजवळ बारीक नळी ठेवून पंपातून औषध थेंब-थेंब देता येते. पायासाठी ही पद्धत घरीसुद्धा वापरून पाहिली गेली आहे, २००२ साली ब्रायन इल्फेल्ड आणि सहकाऱ्यांनी गुडघ्यामागच्या नळीसह रुग्ण घरी पाठवून केलेला अभ्यास त्यातला पायाचा दगड आहे. आपल्याकडे घरी नळी ठेवण्यासाठी लागणारी फोनवरची देखरेख फार थोड्या ठिकाणी आहे, त्यामुळे मी स्वतः तिचा आग्रह धरत नाही. पण रात्री कुणाला फोन करायचा, हे लिहिलेला एक कागद प्रत्येक रुग्णाच्या हातात असणे शक्य आहे. तो कागद मराठीत असावा. ब्लॉक देणाऱ्याचे नाव, कोणता पाय, अंदाजे कधी उतरेल, उतरताना काय वाटेल, आणि तीन दिवसांनंतरही बधीर राहिले तर काय करायचे, एवढे त्यात हवे.

बधीर पायाची काळजी हा स्वतंत्र अभ्यास आहे. दुखत नाही म्हणजे इजा होत नाही असे नसते. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांची झीज ही मांस सडल्यामुळे नसून दुखण्याची जाण गेल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांतून येते, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. वडाळ्याच्या ॲक्वर्थ रुग्णालयात किंवा वरोऱ्याच्या आनंदवनात काम केलेल्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. आपण ब्लॉक देतो तेव्हा एका निरोगी पायाला काही तासांपुरती तीच अवस्था देतो. तेवढ्या वेळात टाच गादीवर एकाच जागी दाबून राहिली तर जखम होते. गरम पाण्याच्या पिशवीने भाजते. पाय लुळा असताना ‘जरा बाथरूमला जाऊन येतो’ म्हणून उठलेला म्हातारा पडतो आणि दुसरे हाड मोडून घेतो. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी, पाऊल काटकोनात आधार देऊन ठेवलेले, गरम शेक बंद, आणि पहिल्यांदा उठताना शेजारी माणूस. वॉर्डातल्या मावशींना हे नीट समजावून सांगितले तर त्या विसरत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आपल्या देशात या शाखेची सर्वांत मोठी गरज मधुमेही पायाची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाने २०२३ साली देशातल्या मधुमेह्यांचा अंदाज १० कोटींवर नेला. पायाला चिघळलेली जखम, हृदय कमकुवत, मूत्रपिंड थकलेले, रक्त पातळ करणारी गोळी चालू, असा रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतो तेव्हा पूर्ण भूल जोखमीची असते, आणि रक्त पातळ असल्याने कण्यात सुई टोचण्यावर बंधने येतात. घोटा किंवा गुडघ्यामागचा खळगा या वरच्या, बोटाने दाबता येणाऱ्या जागा आहेत. रक्त आलेच तर दाबून थांबवता येते. रक्तदाब ढासळत नाही. रुग्ण शस्त्रक्रिया संपताच चहा पिऊ शकतो आणि इन्सुलिनचे वेळापत्रक मोडत नाही. मात्र या मज्जातंतूंना आधीच इजा झालेली असते. त्यांच्यात बधिरता लवकर बसते आणि जास्त वेळ टिकते, स्टिम्युलेटरला ते नीट दाद देत नाहीत, आणि औषधात ॲड्रेनॅलिन मिसळणे टाळलेले बरे. ब्लॉक देण्याआधी पावलाची कोणती जागा आधीपासून बधीर होती ते लिहून ठेवावे. नंतर झालेल्या तक्रारीचे उत्तर तिथेच सापडते.

ब्लॉकने मज्जातंतूला कायमची इजा होते का? फार क्वचित. दीर्घकाळ टिकणाऱ्या इजेचा नेहमी सांगितला जाणारा अंदाज १० हजारांत २ ते ४ इतका आहे. पायाच्या शस्त्रक्रियेत टूर्निकेट, सूज, प्लास्टर, शल्यविशारदाचा खेचक या सगळ्यांचाही त्यात वाटा असतो, म्हणून तक्रार आली की एकमेकांकडे बोट दाखवण्याऐवजी सर्वांनी मिळून रुग्ण तपासावा. चुकीच्या पायाला ब्लॉक देणे ही चूक मात्र पूर्ण टाळण्याजोगी आहे. ब्रिटनमध्ये ‘स्टॉप बिफोर यू ब्लॉक’ नावाची मोहीम यासाठीच निघाली : सुई टोचण्याच्या अगदी आधी थांबा, शल्यविशारदाने केलेली खूण पाहा, रुग्णाला आणि कागदाला पुन्हा विचारा. दहा सेकंद लागतात.

एक अवघड प्रश्न उरतो, आणि या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण त्याला दिले आहे. पोटरीचे किंवा टाचेचे हाड जोरदार आघाताने मोडले असेल, तर स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. या कंपार्टमेंट सिंड्रोमचे पहिले लक्षण म्हणजे इजेच्या मानाने फार जास्त दुखणे, आणि बोटे ताणली की कळ येणे. ब्लॉक ते लक्षण झाकून टाकेल या भीतीने कित्येक शल्यविशारद अशा रुग्णांत ब्लॉकला नाही म्हणतात. ती भीती खोटी नाही, पण तिचे उत्तर सरसकट नकार हे नव्हे, असे माझे मत आहे. धोका जास्त असेल तिथे आधी दोघांनी बोलावे, पातळ औषध वापरावे, पाय तासातासाला पाहावा, शंका आली तर दाब मोजावा. आणि चालू ब्लॉकला न जुमानता वाढत जाणारे दुखणे हा सर्वांत मोठा इशारा मानावा. ‘ब्लॉक कमी पडला, अजून औषध देऊ’ हे वाक्य अशा वेळी कुणीही तोंडातून काढू नये. मात्र ज्याच्याकडे रात्रीतून चार वेळा पाय पाहणारे माणूसच नाही, त्याने ब्लॉक टाळला तर त्याला कुणी भित्रा म्हणू नये.

अमेरिकेत ब्लॉकचा प्रसार झाला त्यामागे अफूवर्गातल्या गोळ्यांच्या अतिवापराने उडवलेला हाहाकार हे एक मोठे कारण होते. शस्त्रक्रियेनंतर घरी नेलेल्या गोळ्यांतून व्यसन लागलेली माणसे तिथे कमी नाहीत. आपली अडचण उलटी होती. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन इतके परवान्यांत अडकले की छोटी रुग्णालये त्याच्या वाटेला जाईनाशी झाली. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली, २०१८ मध्ये ट्रामाडोलही नियंत्रणाखाली आले. तेव्हा तालुक्याच्या रुग्णालयात हाड जोडून घेतलेल्या शेतमजुराला रात्री मिळते काय, तर डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन. इथे नर्व्ह ब्लॉक ही चैन ठरत नाही. २० मिलिलीटरची सिरिंज, स्वस्त औषध आणि शिकलेला हात, एवढ्यावर त्या माणसाची पहिली रात्र वाचते. दुसऱ्या देशाच्या मार्गदर्शिका आपण जरूर वाचाव्यात, पण आपली कारणे आपल्या वॉर्डात आहेत हे ध्यानात ठेवूनच.

पुस्तक कसे वाचावे याविषयी थोडे. पहिली तीन प्रकरणे शरीररचनेची आहेत आणि ती बसून वाचण्यासाठी नाहीत. मार्करपेन घेऊन स्वतःच्या पायावर पाचही मज्जातंतूंचे प्रदेश काढा, आतल्या घोट्यामागची नाडी शोधा, अंगठ्याच्या बेचक्यावर कापूस फिरवून डीप पेरोनिअलची छोटी जागा जाणून घ्या. सहकाऱ्याच्या गुडघ्यामागे सोनोग्राफीचा प्रोब धरा आणि सायॅटिक दुभंगतो ती पातळी पाहा. दोन माणसांत ती सारखी सापडणार नाही. सुईची प्रकरणे त्यानंतर घ्यावीत. सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी थेट आठव्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. ते रात्रीच्या गोळ्या, बधीर पाय आणि पहिले पाऊल यांच्याविषयी आहे, आणि भूलतज्ज्ञांनीही ते वगळू नये.

ज्या प्रश्नांची उत्तरे अजून कुणाकडे नाहीत, ते शेवटच्या प्रकरणात आहेत. ब्लॉक उतरतानाची वेदना कमी करण्यासाठी नेमकी कोणती जोडणी सर्वोत्तम? लवकर मिळालेला आराम तीन महिन्यांनंतरच्या चालण्यात दिसतो का? मधुमेही पायात बधिरता किती काळ लांबते, आणि आपल्या वजनाच्या, आपल्या आहाराच्या रुग्णांत मात्रा किती असावी? या प्रश्नांसाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ब्लॉक दिल्यानंतर पहिली गोळी किती वाजता मागितली आणि रात्री किती वेळा जाग आली, या दोन नोंदी प्रत्येक रुग्णामागे वर्षभर नेमाने ठेवल्या, तर कोणत्याही जिल्हा रुग्णालयातून उत्तराचा एक तुकडा बाहेर येऊ शकतो. त्या नोंदींचा नमुना तक्ता परिशिष्टात दिला आहे. त्यात वेदनेचा आकडा लिहिण्याच्या वेळा दुपारी ४, रात्री १०, पहाटे ३ आणि सकाळी ८ अशा ठेवल्या आहेत. पहाटे ३ चा रकाना रिकामा सोडू नये.